बूट पाहावे घेऊन

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ज्याने हे म्हटलं त्याला बर्फातल्या ट्रेकसाठी बूट घ्यायची वेळ आली नसावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

झालं असं, की आमच्या ट्रेकिंग ग्रुपने जानेवारीत केदारकंठाला जायचं ठरवलं. उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात सांकरी नावाचं गाव आहे, तिथून वर चढायचं. शिखर साधारण ३,८०० मीटर, म्हणजे साडेबारा हजार फूट. डिसेंबर ते मार्च तिथे बर्फच बर्फ! नोटीस बोर्डावर सामानाची यादी लागली. एकवीस वस्तू. चौथ्या क्रमांकावर लिहिलं होतं : ‘हलके, वॉटरप्रूफ, घोट्यापर्यंतचे हायकिंग बूट – अंदाजे रु. ८,०००’.

बाकीच्या वीस वस्तूंचं काही वाटलं नाही. जॅकेट चुलत भावाचं, सॅक सीनियरची, कानटोपी आजीच्या पेटीतली. पण बूट उसना मिळत नाही. पाय ज्याचा त्याचा. मी घरी फोन केला, तर आई म्हणाली, “काहून वं, एवढ्यात तं चांगली बकरी येते!” आमच्याकडे कुठल्याही खर्चाचं शेवटचं माप बकरी असतं, आणि ते माप बरोबरच असतं.

मी वडशाची. रेल्वेच्या पाटीवर वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. गोंदिया–बल्लारशा लाईनवर आहे. एका बाजूला वैनगंगा, पलीकडे ब्रह्मपुरी, आणि उरलेल्या बाजूंना धानाच्या बांध्या व जंगल. आमच्या भागात पायाचा आणि पाण्याचा संबंध जुना आहे. पावसाळ्यात रोवणी करताना बाया दिवसभर चिखलात उभ्या असतात, त्यांच्या बोटांत चिखल्या होतात. त्यावर तेल-हळद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखल. बुटाचा प्रश्नच येत नाही, कारण बांधीत बूट घातला तर तो तिथेच राहतो आणि पाय एकटा वर येतो. हिवाळ्यात धान निघाला की मंडई आणि झाडीपट्टीची नाटकं. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो, पहाटेपर्यंत नाटक चालतं. वडसा म्हणजे तर या नाटक कंपन्यांचं माहेरघरच. त्या थंडीत लोक पॅरागॉनच्या स्लीपर काढून तणसात पाय खुपसून बसतात. तणसात हवा अडकते आणि अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही, हे मला थर्मोडायनॅमिक्सच्या सरांच्या आधी नाटकाच्या मंडपाने शिकवलं.

(हे मी उगाच सांगत नाही. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात एक माणूस सापडला, पाच हजार वर्षांपेक्षाही जुना. त्याला ओट्झी म्हणतात. त्याच्या बुटाचा तळ अस्वलाच्या कातड्याचा, वरचा भाग हरणाच्या, आणि आत सालीच्या दोरीची जाळी विणून त्यात वाळलेलं गवत कोंबलेलं. म्हणजे तणसच की!)

तर यादी लागली त्या संध्याकाळी माझी रूममेट म्हणाली, “मी नाही येत. घरी काम आहे.”

ती जिवतीकडची, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पार टोकाची. सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकली. तिच्या घरी जानेवारीत काय काम असतं ते मला माहीत नाही, पण आठ हजार रुपयांचं काम असावं असा माझा अंदाज होता. मी म्हटलं, “अगं, तुमच्याच भागातली पोरं एव्हरेस्टवर गेली ना?” हे खरं आहे. ‘मिशन शौर्य’मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे विद्यार्थी निवडले होते आणि मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम असे पाच जण शिखरावर पोचले. तेव्हा आमची ही लहान होती आणि त्यांच्या शाळेत महिनाभर दुसरा विषय नव्हता म्हणे.

तिने पांघरूण ओढलं आणि म्हणाली, “गेली ना. पण त्यांना बूट शासनाने दिले होते गं.”

यावर मला काही बोलता आलं नाही. पण झोपही आली नाही. चौथ्या क्रमांकाच्या त्या ओळीत नक्की किती अर्थ आहे आणि किती नुसती किंमत आहे, हे शोधून काढायचं मी ठरवलं. त्या ओळीत तीन विशेषणं होती : हलके, वॉटरप्रूफ, घोट्यापर्यंतचे. इंजिनीअरिंगला येऊन आपण काय शिकतो, तर प्रत्येक स्पेसिफिकेशनला ‘का?’ विचारायचं. परीक्षेत विचारत नाही, ते सोडा.

आधी ‘हलके’. आमच्याकडे कोपऱ्यात चुलत भावाचे चामड्याचे जुने बूट होते. मेसच्या काकूंचा भाजीचा काटा मागून आणला (काकूंना कारण सांगितलं नाही). एक बूट ८५० ग्रॅम भरला. दुकानातला हलका हायकिंग बूट माझ्या मापात ४५० च्या आसपास असतो. फरक ४०० ग्रॅम. एवढ्याशा फरकाने काय होतं? आता हिशोब बघा. एक किलोमीटर चालायला साधारण १,४०० पावलं लागतात. दर पावलाला एक बूट उचलायचा. १,४०० गुणिले ४०० ग्रॅम म्हणजे ५६० किलो. धान खरेदी केंद्रावर चाळीस किलोचे कट्टे असतात, तसे चौदा कट्टे! दर किलोमीटरला चौदा कट्टे जास्तीचे उचलायचे, तेही चढावर, तेही पातळ हवेत. अमेरिकेच्या लष्करी संशोधकांनी १९६९ मध्ये मोजून दाखवलं होतं, की पायातल्या एक किलो वजनाला अंगावरच्या एक किलोपेक्षा चार ते सहा पट जास्त शक्ती लागते, आणि वेग वाढवला की हा आकडा वाढतो. कारण सोपं आहे. पाठीवरचं ओझं जवळजवळ एका वेगाने पुढे सरकत असतं, पण पाय दर पावलाला शून्यावर येतो आणि पुन्हा पळतो. म्हणजे ‘हलके’ हा शब्द यादीत राहणार. यात तडजोड नाही.

गंमत म्हणजे हेच गणित १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेलाही करावं लागलं. त्या मोहिमेसाठी ब्रिटनमधल्या साट्रा या पादत्राणांच्या संशोधन संस्थेने खास उंचीवरचे बूट बनवून घेतले. पातळ चामड्याचे दोन थर आणि मध्ये कापोकची जाड गादी. कापोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. आमच्या जंगलात फाल्गुनात लाल फुलांनी पेटल्यासारखी दिसते ती काटेसावर या झाडाचीच भाऊबंद. तिच्याही बोंडातला कापूस असाच हलका, आमच्याकडे उशीत भरतात. वडशाच्या उशीत आणि हिलरीच्या बुटात एकाच खानदानाचा माल, हे वाचून मी रूममेटला हलवून जागं केलं. तिने मला जे म्हटलं ते मॅगझिनमध्ये छापता येणार नाही.

आता ‘वॉटरप्रूफ’. हा शब्द फार फसवा आहे.

दुकानात गेलं की सेल्समन पहिल्यांदा ‘मेम्ब्रेन’ म्हणतो. त्याचा इतिहास असा : टेफ्लॉन १९३८ साली अमेरिकेत अपघाताने सापडलं. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी ते गरम करून हळूहळू ताणायच्या ऐवजी एकदम झटक्यात ताणलं. ते तुटलं नाही, उलट अतिशय बारीक छिद्रांची जाळी झाली. त्यातून गोअर-टेक्स निघालं. कंपनी सांगते की छिद्र पाण्याच्या थेंबापेक्षा वीस हजार पट लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा सातशे पट मोठं असतं. म्हणून बाहेरचं पाणी आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. (टेफ्लॉनच्या कुळातली रसायनं निसर्गात नष्ट होत नाहीत म्हणून ओरड झाली, आणि २०२२ पासून त्याच कंपनीने वेगळ्या प्लॅस्टिकचं नवं मेम्ब्रेन आणायला सुरुवात केली.)

सगळं छान. पण वाफ बाहेर का जाईल? आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तर. जुलैमध्ये वडशात बाहेरची हवाच ओल्या फडक्यासारखी असते. तिथे मेम्ब्रेनचा बूट म्हणजे पायाचं प्रेशर कुकर. कोरड्या थंडीत मात्र त्याला काम करायला वाव मिळतो. शिवाय बुटाचं वरचं कापड भिजून चिंब झालं की वाफेची वाट बंद. म्हणून त्यावर पाणी न धरणारा लेप असतो आणि तो काही महिन्यांत उडून जातो. हे सेल्समन सांगत नाही.

आणि बर्फात वॉटरप्रूफ नक्की कधी लागतं? शून्याच्या खाली दहा अंशांना बर्फ पिठासारखा कोरडा असतो, झटकला की पडतो. पहाटे शिखरावर चढताना पाण्याचा धोका कमी, गारठ्याचा जास्त. खरं पाणी दुपारी उतरताना भेटतं. उन्हाने बर्फ मऊ होतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो, आणि बर्फ वरून, घोट्याच्या तोंडातून बुटात शिरतो. तिथे मेम्ब्रेनचा काही उपयोग नाही, गेटर पाहिजे. गेटर म्हणजे नडगीला गुंडाळायचं कापड, आपल्या शिपायांच्या पट्ट्यांचा नातू. आणि एकदा पाय भिजला की पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने ऊब ओढून घेतं. मग बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटं दुखत नाहीत म्हणून माणूस चालतच राहतो. बोट जातं ते असं. म्हणून थट्टा पुरे, हा भाग मी गंभीरपणे वाचला.

दिवाळीत घरी गेले तेव्हा माझे बूट घेऊन झाले होते. चार हजारांच्या आत. कंपनीचं नाव मोठं नव्हतं, पण आत मेम्ब्रेन होतं आणि बुटाची जीभ दोन्ही बाजूंना वरपर्यंत शिवलेली होती. हे बघायचंच. जीभ जिथपर्यंत शिवलेली, तिथपर्यंतच बूट वॉटरप्रूफ. त्याच्या वर नुसता विश्वास.

बुटात वर्तमानपत्राचा कागद घालून मी घरामागच्या बोडीत पंधरा मिनिटं उभी राहिले. काठावर सात-आठ पोरं जमली. “ताई, मासे धरतेस का?” एकाने विचारलं. कागद कोरडा निघाला. मी विजयी मुद्रेने घरी आले, तर ओसरीवर मामा बसले होते.

मामा वनरक्षक आहेत. ज्याला आपण विंटर हायकिंग म्हणतो ती त्यांची नोकरी. दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते, तिचं चालण्याचं बरंचसं काम हिवाळ्यात असतं. आपल्या बीटमध्ये रोज पाच-पाच किलोमीटर असं तीन दिवस चालून वाघ-बिबट्याचे पगमार्क, विष्ठा, ओरखडे शोधायचे. मग दोन किलोमीटरची सरळ रेष पुन्हा पुन्हा चालून चितळ-सांबर मोजायचे. पहाटेच, दव असताना. आणि हे जंगल नुसतं बघायचं जंगल नाही. सीटी-१ नावाच्या वाघाने वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी भागात तेरा माणसं मारली, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये आमच्याच वडशाच्या जंगलात पकडला. त्या वर्षी मामा रोज चालतच होते. आई संध्याकाळी फाटकाशी उभी राहायची, एवढंच मला आठवतं.

मामांनी माझा बूट हातात घेतला. वाकवून पाहिला. नाकाशी नेला. आत हात घालून अस्तर चाचपलं. मग म्हणाले, “चांगला हाय. पन हे घालून तू नाल्यात उतरली अन् पानी वरून आत गेलं, तं मंग ते बाहेर जाईल कोठून?”

मी गप्प. मामांचे स्वतःचे बूट कॅनव्हासचे, पातळ रबरी तळाचे. नाल्यात उतरले की भिजतात, पलीकडे दोनशे पावलांत पाणी पिचकून बाहेर जातं, दुपारपर्यंत वाळतात. शिवाय सागाच्या वाळक्या पाल्यावर आवाज कमी होतो आणि तळव्याला खालचा दगड कळतो. “जंगलात पायाले दिसलं पायजे,” असं ते म्हणतात. नंतर मी वाचलं, की व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैन्याने याच विचाराचा बूट वापरला होता. कापडी वरचा भाग आणि तळाजवळ पाणी बाहेर जायला मुद्दाम ठेवलेली भोकं. म्हणजे जगात बुटांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, पाणी आत येऊ देऊ नका. दुसरा म्हणतो, येणारच आहे, जायला वाट ठेवा. मामा दुसऱ्या पंथाचे, आणि बारा-पंधरा अंशांच्या थंडीत त्यांचं बरोबर आहे. शून्याच्या खाली मात्र ओला पाय वाळेपर्यंत थांबत नाही, गोठतो. हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, “मंग तुह्याजागी तुह्या बरोबर.” आमच्या घरात वाद इतक्या लवकर कधी मिटत नाही.

‘घोट्यापर्यंतचे’ या शब्दाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. उंच बूट पाय मुरगळू देत नाही अशी लोकांची श्रद्धा असते. माझ्या मते बर्फ आत येऊ नये आणि गेटर नीट बसावं, एवढ्यासाठी तरी तो पाहिजेच.

यादीत नव्हत्या अशा दोन गोष्टी मात्र जास्त महत्त्वाच्या निघाल्या. एक, माप. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय सुजतो. ज्या मोज्यांवर वापरायचा ते मोजे घालूनच बघावा. पुढे बोटं हलली पाहिजेत. घट्ट बूट म्हणजे रक्त कमी, रक्त कमी म्हणजे थंड बोटं. मग मेम्ब्रेन सोन्याचं असो. दुकानात उतरती फळी असते तिच्यावरून खाली चालून बघायचं. अंगठा पुढे आपटला तर तो बूट सोडायचा, नाहीतर उतरणीवर नख काळं होतं. आणि मोजे लोकरीचे. सुती मोजा पाणी पितो आणि धरून बसतो.

दुसरी गोष्ट तळ. रबरी खाचांचा तळ ही इटलीच्या विताले ब्रामानी यांची देणगी. १९३५ मध्ये आल्प्सच्या मोहिमेत त्यांचे सहा सोबती गेले, तेव्हा खिळे ठोकलेले चामडी बूट वापरत असत. त्यांनी टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीच्या मदतीने १९३७ मध्ये रबरी तळ आणला. त्यांच्याच नावाची अक्षरं जुळवून व्हिब्रम झालं. आपल्या सह्याद्रीतल्या ट्रेकर मंडळींनी मात्र वर्षानुवर्षं ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’ आणि ‘हंटर’ घालून किल्ले चढले, कारण स्वस्त आणि कातळावर पकड चांगली. कडक निळ्या बर्फावर कुठलंच रबर पुरत नाही, तिथे मायक्रोस्पाईक म्हणजे काट्यांच्या साखळ्या बुटावर चढवतात.

आणि उसने बूट आणणाऱ्यांनी एक तपासावं. पॉलियुरेथेनचा मधला थर दमट हवेत नुसता कपाटात पडून पडूनही सडतो. पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्या तोडतात. पाच-सहा वर्षं जपून ठेवलेला, नव्यासारखा दिसणारा महागडा बूट दुसऱ्या दिवशी तळ सोडतो. अंगठ्याने तळाची बाजू दाबायची, भेगा पडल्या किंवा चुरा निघाला तर नको. चुलत भावाचे बूट यातच बाद झाले.

एवढा अभ्यास झाल्यावर मी सांकरीच्या गाईडला फोन लावला आणि सरळ विचारलं, “भैया, सगळे आठ हजारांचे बूट घालून येतात का?” ते हसले. म्हणाले, बूट, गेटर, मायक्रोस्पाईक सगळं गावात भाड्याने मिळतं. पूर्ण ट्रेकचं भाडं काही शे रुपये. आमच्या यादीत हे कुठेच नव्हतं, कारण यादी कुठल्या तरी जुन्या यादीवरून उतरवली होती, आणि त्या जुन्या यादीवाल्याला भाड्याची गरज पडली नसावी.

अडचण एकच होती. रूममेटचा पाय चार नंबरचा आणि भाड्यात सर्वांत लहान बूट पाचचा. बूट बहुतेक पुरुषांच्या साच्यावर बनतात, टाच रुंद. चार नंबरच्या पायाला त्यात पोहता येईल. आम्ही दोघी हॉस्टेलच्या चौकातल्या बूट शिवणाऱ्या काकांकडे गेलो. काकांनी तिचा पाय कागदावर ठेवून पेनने रेघ मारली आणि जाड नमद्याचे दोन-दोन तळ कापून दिले. नमद्याने दोन कामं होतात. बूट भरतो, आणि तळव्यातून जमिनीत जाणारी ऊब अडते. बर्फावर उभं राहिलं की सगळ्यांत जास्त थंडी खालून येते, हे लोक विसरतात. त्यावर लोकरीचे दोन मोजे, एक पातळ आणि एक जाड. नाडी घोट्याशी आडवी अडकवून बांधायची म्हणजे टाच वर उचलत नाही. मी तिला वसतिगृहाच्या जिन्यावरून पाचच्या उसन्या बुटात दहा वेळा वर-खाली चालवलं. वॉर्डन मॅडमना वाटलं रॅगिंग चाललंय.

मग मी ग्रुपच्या मीटिंगमध्ये उठले आणि म्हटलं, की चौथ्या ओळीतली किंमत काढा आणि ‘भाड्याने चालतील’ असं लिहा. एक सीनियर म्हणाला, “सेफ्टीत कॉम्प्रोमाइज नको.” मी म्हटलं, सेफ्टीचा आकडा रुपयांत नसतो, मिलिमीटरमध्ये आणि ग्रॅममध्ये असतो, आणि चौदा कट्ट्यांचा हिशोब फळ्यावर मांडला. लोक हसले, पण ओळ बदलली. आधी चौदा नावं होती, आठवड्यात एकोणीस झाली. वाढलेल्या पाचांपैकी एकानेही कारण सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

ट्रेकचं वर्णन इथे करत नाही. दरवर्षी या पानांवर कुणीतरी ‘हिमालयाच्या कुशीत’ लिहितच असतं. बुटांपुरतं सांगते.

आमच्या पुढे चालणारे गाईड भैया काळ्या गमबुटात होते. साधे रबरी गमबूट, आत जाड मोजे. जगातला सर्वांत वॉटरप्रूफ आणि सर्वांत स्वस्त बूट! आत घाम साचतो हे खरं, पण ते दर मुक्कामाला शेकोटीजवळ मोजे बदलत होते. माझ्या मेम्ब्रेनच्या बुटातही मोजे संध्याकाळी ओलसर निघतच होते. बर्फाने नाही, माझ्याच घामाने.

शिखराच्या दिवशी पहाटे साडेतीनला निघायचं होतं. आदल्या रात्री सगळ्यांना सांगितलं होतं, बूट पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्या. २९ मे १९५३ च्या सकाळी हिलरीचे बूट लाकडासारखे गोठलेले होते आणि ते स्टोव्हवर मऊ करायला त्यांना दोन तास लागले. तेनझिंग मात्र बूट घालूनच झोपले होते. ही गोष्टही सांगितली. तरी आमच्या ग्रुपमधले सर्वांत महागडे बूट, अकरा हजारांचे, तंबूच्या दाराशी राहिले. कुणाचे ते सांगत नाही, त्यांनी जाहिरात मिळवून दिली आहे. पंचवीस मिनिटं आम्ही सगळे अंधारात पाय आपटत उभे, आणि आत स्टोव्हवर अकरा हजार रुपये शेकत होते.

रूममेट माझ्या बरीच पुढे पोचली. मी वर गेले तेव्हा ती एका दगडाशी बसून पाय हलवत होती. मी आधी तेच विचारलं. “सगळी दहा आहेत,” ती म्हणाली. समोर स्वर्गारोहिणीवर ऊन येत होतं. तिने विचारलं, “इथून एव्हरेस्ट दिसतं का गं?” मी म्हटलं, नाही, ते खूप पूर्वेला, नेपाळमध्ये. “बरं,” म्हणून ती उठली. “सावकाश उतरू. बूट परत द्यायचेत.”

सांकरीत तिने ते टूथब्रशने घासून परत दिले. दुकानदाराने उलटेपालटे करून पाहिले आणि आतले नमदे काढायला लागला, तर ती म्हणाली, “वो हमारे हैं.” ते तिने पिशवीत ठेवले.

घरी आल्यावर मी बूट धुतले. जानेवारीच्या उन्हात माझे बूट वाळायला तीन दिवस लागले. शेजारी मामांचे कॅनव्हास संध्याकाळपर्यंत खडखडीत. मामा काही बोलले नाहीत, नुसते त्या दोन जोड्यांकडे बघत चहा पीत होते. मग म्हणाले, “ते तुह्या मैत्रिणीनं आत घातलं होतं ना, नमद्याचं, ते कॅनव्हासमंधी बसते का? ओलं झालं तं काढून वाळवता येते.”

मामांचा पाय नऊ नंबरचा, आणि उजवा डाव्यापेक्षा थोडा रुंद. दोन्ही पाय वर्तमानपत्रावर ठेवून रेघ मारून आणली आहे. शनिवारी चौकातल्या काकांकडे जायचंय.